आर्टिस्ट अँड पेंटर

तालुक्याच्या गावाला एक तहसीलदार असतो, एक फौजदार असतो आणि एक पेंटर असतो. पहिल्या दोघांची बदली होते, पेंटरांची होत नाही. त्यामुळे गावावर खरी सत्ता कोणाची, हे परगावच्या माणसाला एस.टी.तून उतरल्या उतरल्या कळतं. दवाखान्याची पाटी, सलूनची काच, हायस्कूलची कंपाउंडची भिंत, मारुतीच्या देवळाचा गाभारा आणि 'येथे लघवी करू नये' ही सूचना, या सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात खाली एकच वळणदार सही असते. शेवटच्या सूचनेखाली सही कशाला, असं मी विचारलं होतं.

"काम ते काम," पेंटर म्हणाले. "आनि ती भित्ताड सगळ्यात जास्त मानसं वाचत्यात."

त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव आहे. ते रेशनकार्डावर आणि सोसायटीच्या नोटिशीवर येतं. एरवी घरातूनसुद्धा "पेंटर न्हाईत" असाच निरोप मिळतो. याचं त्यांना वाईट वाटत नाही. उलट त्यामागे परंपरा आहे असं ते सांगतात. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नावाचे गृहस्थ होते. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते बाबूराव पेंटर झाले. पुढे त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि इतिहासात गेले ते 'पेंटर' हेच आडनाव लावून. हा दाखला आमचे पेंटर कुठल्याही व्यवहारात देतात. थकबाकी मागायला आलेल्या रंगाच्या दुकानदारालाही त्यांनी तो दिला. दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूराव रोखीनं न्हेत असतील."

दुकान स्टँडच्या समोर, पत्र्याच्या खोक्यात. खोक्यावर पाटी आहे. तिला अस्तराचा हात देऊन झाला, 'आर्टिस्ट अँड पें' इथपर्यंत अक्षरं झाली, आणि तेवढ्यात गणपती आले. मग दिवाळी आली, मग लग्नसराई, मग झेडपीचं इलेक्शन. 'टर' राहिला तो राहिलाच. विम्याचा एक नवा एजंट "मिस्टर पें आहेत का?" असं विचारत आला होता. त्याला पेंटरांनी चहा पाजला, पण पाटी काही पुरी केली नाही. दुसऱ्याचं काम अंगावर असताना स्वतःचं करणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटतं.

पेंटरांना बघायचं ते अक्षर काढताना. आधी एक लांब दोरा निळीच्या पाण्यातून काढतात. त्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो रस्त्यावरून जाणारा कोणीही असतो. "धर रं जरा," म्हटलं की शाळेला निघालेला पोरगा असो की बँकेत निघालेला कॅशियर, थांबतो. दोरा ताणून मधे चिमटीत धरायचा आणि सोडायचा. फटका बसतो, पत्र्यावर निळी रेघ उमटते. वर एक, खाली एक. मग खडूनं अक्षरांचे नुसते सांगाडे. मग डाव्या हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी, तिचं टोक पाटीवर टेकवलेलं, काठीवर उजवं मनगट. ब्रश डब्यात बुडवला की डब्याच्या कडेला दोन्ही अंगांनी पुसायचा. थेंब पडला तर तो हाताखालच्या पोराच्या बापाचा उद्धार करून पुसायचा. 'क' असेल तर आधी उभा दांडा वरून खाली एका ओढीत, मग डावं पोट, मग उजवीकडचं शेपूट. ते शेपूट खाली वळताना पेंटरांची जीभही त्याच दिशेला वळते. अक्षरं भरून झाली की उजव्या अंगानं सावली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'शेड'. आणि सगळ्यात शेवटी शिरोरेषा. ती ओढताना ते श्वास घेत नाहीत आणि कोणाशी बोलत नाहीत. आमदार मागे येऊन उभे राहिले होते. रेघ उजव्या टोकाला पोचेपर्यंत त्यांना नमस्कार मिळाला नाही.

इतकी तयारी करून शेवटी जागा कमी पडते. 'किराणा व भुसार मालाचे' हे शब्द ऐसपैस मांडी घालून बसलेले असतात आणि 'व्यापारी' आखडून उभा असतो. त्यातला 'री' तर चौकटीच्या लाकडावर चढलेला. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की पेंटर चार पावलं मागे जातात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "त्यात मूव्हमेंट हाय." गिऱ्हाईक गप्प बसतं. मूव्हमेंट असेल तर उगाच कोण बोलणार?

ऱ्हस्व-दीर्घ हा त्यांच्या मते व्याकरणाचा नव्हे, तोल सांभाळायचा प्रश्न आहे. पाटीच्या डाव्या अंगाला काने-मात्रे जास्त झाले की उजवीकडे एखादी वेलांटी वाढवून ते तोल साधतात. हायस्कूलच्या भिंतीवर त्यांनी 'विध्यार्थि' असं लिहिलं, तेव्हा हेडमास्तर स्वतः धावत आले. "गुरुजी," पेंटर शिडीवरूनच म्हणाले, "दुसरी वेलांटी दिली असती तर खिडकीला धडकली असती." हेडमास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. खरंच धडकली असती.

त्यांच्या कलाशिक्षणाची हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा ते पास झाले. इंटरमिजिएटच्या दिवशी एका मंडळाच्या देखाव्यातला राक्षस रंगवत होते, म्हणून ती राहिली. मग घरच्यांनी कोल्हापूरला सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली ठेवलं. तिथे आधी डबे धुणं, मग फोटोवर आणि कापडावर चौकटी आखणं. छोट्या चौकटीत जे आहे ते मोठ्या चौकटीत उतरवायचं, हे त्या धंद्याचं सगळं गणित. ब्रश हातात मिळाला तो हिरोचे बूट रंगवण्यापुरता. उस्तादाच्या कारखान्यात बढती खालून वर होत असे. बूट जमले की पँट, पँट जमली की पट्टा, मग शर्ट, मग कॉलर. चेहरा फक्त उस्तादाचा. त्यातही हिरो गुलाबी, व्हिलन हिरवा-निळा, आणि रंग ब्रशनं नव्हे तर पात्यानं थापलेला, म्हणजे रस्त्यापलीकडून बघणाऱ्यालाही त्याची नियत कळावी. पेंटर मानेपर्यंत पोचले आणि इकडे वडील वारले. गावी परत यावं लागलं.

"हुसेन बी आमच्याच लायनीतले," ते सांगतात. हे मात्र खरं आहे. एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत. "ते वरपातूर ग्येले. आमी मानंपाशी थांबलो."

मानेच्या वरचं शिक्षण त्यांनी स्वतःच घेतलं. मॉडेल म्हणून बसायला गावात फुकट कोणी तयार होईना, म्हणून आरसा घेतला. त्याचे परिणाम गावभर टांगलेले आहेत. सलूनच्या काचेवरचा सिनेनट, वेशीवरच्या कमानीतला भीम, व्यसनमुक्तीच्या भिंतीवरचा दारुडा आणि त्याला सावरणारा समाजसुधारक, सगळ्यांची हनुवटी एकच. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. पेंटर स्वतः समोर उभे असले की हा काय प्रकार आहे ते कळतं. पण गावातल्या माणसांना ते रोज दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

पण खरी कमाई कैलासवासी मंडळींची. कोणी वारलं की दिवस घालायच्या आत मुलगा एक फोटो घेऊन येतो. फोटो मतदार ओळखपत्रावरचा असतो, त्यात माणूस जिवंतपणीच संशयित दिसतो. "अण्णांना जरा कोट घाला," मुलगा म्हणतो. अण्णांनी जन्मात बंडी आणि धोतर याखेरीज काही घातलेलं नसतं. पेंटरांकडे एक कोट आहे: करडा, रुंद कॉलरचा, वरच्या खिशात पेन. तो उस्तादाकडे शिकलेला असल्यामुळे फार सुरेख जमतो. गावातल्या जुन्या घरांच्या ओटीवर नजर टाकली तर सगळे कै. एकाच शिंप्याकडून कपडे शिवून घेऊन एकाच फोटोला उभे राहिलेत असं वाटतं. त्यांच्यात जातीचा, भावकीचा, बांधाचा कसलाही भेद उरलेला नाही. चेहरा बघून सुरुवातीला घरचे चाचरतात. "नाक जरा..." असं कोणी म्हणतं. पेंटर म्हणतात, "वर्सभर बघा, मंग सांगा." आणि वर्षश्राद्धापर्यंत सगळ्यांना तेच नाक आठवू लागतं. शेजारच्या आजींनी नवऱ्याच्या तसबिरीला हळदकुंकू लावता लावता मला सांगितलं, "व्हते तवा एवडं निरखून कुटं बघितलं हुतं?"

एकाच ठिकाणी पेंटर आरसा बाजूला ठेवतात. शिवाजी महाराजांचं चित्र. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेल्या महाराजांच्या चित्राला राज्य सरकारनं अधिकृत मान्यता दिली. त्याची प्रत पेंटरांच्या ट्रंकेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली आहे. ती काढायची तर आंघोळ करून, चपला बाहेर ठेवून. चौकटीत चौकट उतरवायची, आपली अक्कल चालवायची नाही. महाराजांच्या चित्राखाली सही अगदी बारीक असते. शोधावी लागते.

त्या ट्रंकेत बाकी सगळा त्यांचा गुरुसंप्रदाय आहे. खालच्या तारखा फाडून टाकलेली कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, काड्यापेट्यांची लेबलं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला नेला आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी-सरस्वती चार पैशांत झोपडीच्या कुडावर आली. पेंटरांच्या आजीकडे त्यातली एक होती, चुलीच्या धुरानं तांबूस झालेली. रघुवीर मुळगावकरांचे देव त्यांना पाठ आहेत. त्या देवांच्या गालांवर ब्रशचा फटकारा दिसत नाही, रंग फुंकरीनं बसवल्यासारखा असतो, आणि ती फुंकर आपल्याला का जमत नाही याचं त्यांना अजून दुःख आहे. 'दीपावली'च्या मुखपृष्ठांवरच्या दीनानाथ दलालांच्या बायका ते ट्रंकेत जरा खालच्या थराला ठेवतात. एस. एम. पंडितांची पोस्टरं वर. या सगळ्यांचं देणं ते उघड मान्य करतात. देवळात काढलेल्या लक्ष्मीकडे बोट करून सांगतात: लुगडं रविवर्म्याचं, डोळे मुळगावकरांचे, कमरेची रेघ दलालांची, मागचं ऊन पंडितांचं. लक्ष्मी कमळावर अनवाणी उभी, नाहीतर बूट स्वतःचे असते.

अक्षराच्या बाबतीत दैवत एकच, कमल शेडगे. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यात नाटकाच्या नावाचं अक्षरच नाटकाचा स्वभाव सांगायचं. विनोदी असेल तर अक्षर घसरायचं, ऐतिहासिक असेल तर तलवार उपसायचं. ती शेडग्यांची करामत. पेंटरांनी मुंबईत जाऊन एकही नाटक पाहिलेलं नाही, पण नावं सगळी कापून ठेवलीत. २०२० साली शेडगे गेले, त्या दिवशी पेंटरांनी दुकान बंद ठेवलं. टाळेबंदीमुळे ते तसंही बंदच होतं, पण त्या दिवशीचं बंद निराळं होतं, असं ते सांगतात.

निवडणुकीत ते कोणाचेच नसतात. रात्री आठ ते बारा एका पक्षाच्या भिंती, बारा ते चार दुसऱ्याच्या. १९९५ साली मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा झाला, तेव्हापासून 'विद्रूप' या शब्दावर त्यांचा राग आहे.

मोटारींची कामं मात्र त्यांच्या आवडीची. ट्रकच्या मागे दोन मोर, मधे कमळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' आणि खाली हप्ते फिटल्याची तारीख. नंबर प्लेटीवर तर त्यांनी अशी कारागिरी केली की ४१४१ लांबून 'दादा' वाचावा आणि ८०५५ सरळ 'बॉस'. पोलीस दंड करीत, पोरं दंड भरून पुन्हा तीच प्लेट रंगवून घेत. पोलिसांचं आणि दुकानाचं, दोन्ही खात्यांचं उत्पन्न पेंटरांमुळे चालू होतं. मग २०१५मध्ये परिवहन खात्यानं राज्यात गाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली. "वाक्य बंद केलं," पेंटर म्हणाले, "हॉर्न कुटं बंद झाला?" पुढे २०१९पासून नव्या गाड्यांना कारखान्यात ठोकलेल्या सरकारी प्लेटा सक्तीच्या झाल्या. दादा पुन्हा नुसता ४१४१ झाला.

त्याच्या कितीतरी आधी फ्लेक्स आला होता. गावात मशीन आणलं ते पेंटरांच्याच हाताखाली डबे धुतलेल्या पोरानं. रात्री आठला फोटो दिला की सकाळी चौकात वीस फुटी भावी नगरसेवक, काळा गॉगल, हातात मोबाइल, आणि खाली टपालाच्या तिकिटाएवढी शुभेच्छुकांची पन्नास डोकी. पेंटरांनी पहिला फ्लेक्स जवळ जाऊन बघितला, बोटानं चाचपला, मागे जाऊन बघितला आणि एकच विचारलं, "सही कुनाची?" कोणालाच सांगता येईना. त्यावर त्यांनी त्या माध्यमाचा निकाल लावून टाकला. पोरगा मात्र सज्जन निघाला. यंत्राला जे जमत नाही, देवळाचा घुमट, पाण्याची टाकी, अंगणवाडीचा जिराफ, ती कामं तो अजून गुरूकडे पाठवतो. अंगणवाडीच्या जिराफालाही ती भुवई आहे.

गेल्या मे महिन्यात त्यांचा भाचा आला. मुंबईत कलेचं शिकतो, केस वाढवलेले. दुकानात बसून मामांचं काम बघता बघता एकदम म्हणाला, "मामा, तुम्ही लोब्रो आर्टिस्ट आहात." मामांना ही शिवी वाटली. मग त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवत सांगितलं. लॉस एंजेलिसकडे जुन्या मोटारी कापून, वाढवून, रंगवून पळवायची पोरांना चटक होती. एड रॉथ नावाचा माणूस तिथे मोटारी घडवी, बनियनवर राक्षस रंगवी. मिकी माउसला खुन्नस म्हणून त्यानं 'रॅट फिंक' नावाचा घाणेरडा, डोळे बाहेर आलेला उंदीर काढला. फॉन डच नावाचा दुसरा एक मोटारींवर नुसत्या बारीक रेघा ओढायचा, आणि त्या रेघांसाठी लोक रांग लावायचे. रॉथच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा पोरगा जाहिराती काढायला होता. मोठ्या गॅलऱ्यांनी त्याला दारात उभं केलं नाही, म्हणून त्यानं आणि मित्रांनी १९९४ साली 'जक्स्टापोज' हे स्वतःचंच मासिक काढलं. या असल्या कलेलाच लोब्रो म्हणतात, आणि आता ती चित्रं संग्रहालयात लागतात.

पेंटर सगळं ऐकत होते. रेघांचं ऐकून त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "गाडीवर रेघा मारल्या तर तितला आरटीओ काय म्हनत न्हाई?"

"नाही मामा."

"ॲडव्हान्स घेत असतील न्हवं?"

भाच्याला ठाऊक नव्हतं. मामांनी उंदराचं चित्र हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. काम पक्कं आहे, ओळ बिनधास्त आहे, असं मान्य केलं. "फकस्त," ते म्हणाले, "पायात कायतरी घालाय पायजे हुतं."

भाच्यानं आणखी एक सांगितलं. दिल्लीत हनीफ कुरेशी नावाच्या चित्रकारानं रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा केली, कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये उतरवली आणि फॉन्टला त्या त्या पेंटरांची नावं दिली. तुमचीही अक्षरं तशी करू या, वळणाची कखगघ काढून द्या. हे मात्र पेंटरांना फार लागलं, चांगल्या अर्थानं. दोन दिवस त्यांनी गिऱ्हाईक घेतलं नाही. पुठ्ठ्यावर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी मुळाक्षरं निघाली, शेडसकट. 'री' मात्र दोन काढल्या होत्या, एक जाड आणि एक काडीसारखी.

"ही बारीक कशाला?" भाच्यानं विचारलं.

"आनि जागा कमी पडली तर रं?"

पुठ्ठा भाचा घेऊन गेला. फॉन्ट अजून आलेला नाही. पोरगं परीक्षेत आहे म्हणतात.

मला विचाराल तर पेंटर काही मोठे चित्रकार नव्हेत. चेहरा त्यांना येत नाही, आणि आता येणार नाही. पण अक्षरात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा मला ठाऊक नाही, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाची नोकरी केली नाही, कोणाच्या शिफारशीनं काम मिळवलं नाही, कोणाला विचारून रंग बदलला नाही. उधारी तेवढी आहे.

तेव्हा कोणाला पाटी करून घ्यायची असेल तर जरूर जा. मजकूर ऱ्हस्व-दीर्घ तपासून मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि शक्यतो शेवटचा शब्द आखूड ठेवा. गणपतीच्या महिनाभर आधी जाऊ नका. पैसे अर्धेच द्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची तसबीर काढून घ्यायची असेल तर अर्ध्या उंचीची नको, पूर्ण उंचीची सांगा. चार पैसे जास्त पडतील, पण बूट बघण्यासारखे येतात.